निर्णय कुठे होतो, हे आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यात मराठी माध्यमातून शालेय शिक्षण, पुण्यात संगणक अभियांत्रिकी, एका भारतीय सेवा कंपनीत ६ वर्षे नोकरी आणि आता एका अमेरिकी उत्पादन कंपनीच्या, म्हणजे स्वतःचे सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या कंपनीच्या, हिंजवडीतील केंद्राकडून आलेले नेमणुकीचे पत्र. पगार जवळजवळ दीडपट, शिवाय मूळ कंपनीचे शेअर्स. रात्रीचे कॉल, इंग्रजी आणि अचानक होणारी नोकरकपात या तिन्हींची तुम्हाला धास्ती आहे, आणि घरचे ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस’ म्हणून सांगत आहेत. परदेशात मुख्यालय असलेल्या कंपनीत रोजचे काम नेमके कसे असते, असे तुम्ही विचारले आहे.

मी अशा ३ कंपन्यांत, दोन अमेरिकी आणि एक जर्मन, मिळून २२ वर्षे पुण्यातच काम केले आहे. त्यातली पहिली १२ वर्षे प्रोग्रामर म्हणून गेली आणि नंतरची टीम सांभाळण्यात. मला जे सांगायचे आहे ते एकाच गोष्टीभोवती फिरते: अशा कंपनीत तुम्ही जिथे बसता ती जागा आणि तुमच्या कामाविषयीचे निर्णय जिथे होतात ती जागा, या दोन वेगळ्या असतात. रात्रीचे कॉल, भाषेची अडचण, बढती, कपात हे सगळे त्या अंतरातून येते, म्हणून पगाराच्या आकड्याआधी हे अंतर समजून घ्यावे.

सुरुवात नेमणूकपत्रापासून करतो, कारण ते बारकाईने वाचणारे फार थोडे असतात. त्यावरचे बोधचिन्ह अमेरिकी कंपनीचे असले तरी तुम्हाला नोकरी देणारी कंपनी भारतात नोंदलेली, नावाच्या शेवटी ‘इंडिया प्रायव्हेट लिमिटेड’ असलेली स्वतंत्र कंपनी असते. ही कंपनी बहुतेक वेळा बाजारात काहीच विकत नाही. तिचा एकमेव ग्राहक म्हणजे तिची मूळ कंपनी. वर्षभरातला पगार, जागेचे भाडे, वीज, बस, विमा असा सगळा खर्च एकत्र करायचा, त्यावर ठरावीक टक्के नफा चढवायचा आणि ते बिल मुख्यालयाला पाठवायचे, अशी ही व्यवस्था असते. हा नफा किती असावा हे मनाला येईल तसे ठरवता येत नाही. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन कंपन्यांनी हाच व्यवहार केला असता तर जी किंमत ठरली असती तीच लावली पाहिजे, असे आपला आयकर कायदा २००१ पासून सांगतो. त्यालाच ट्रान्स्फर प्रायसिंगचे नियम म्हणतात.

हे हिशेबनीसांचे प्रकरण आहे असे समजून सोडून देऊ नका. याचा अर्थ असा, की तुम्ही बनवलेले उत्पादन जगात खपो वा न खपो, इथली कंपनी कागदावर जवळजवळ दरवर्षी नफ्यातच दिसते. आणि ती नफ्यात दिसते म्हणून इथल्या नोकऱ्या सुरक्षित असतात असेही नाही, कारण मुख्यालयाच्या वहीत इथले अख्खे केंद्र खर्चाच्या रकान्यात असते. सेवा कंपनीत तुमचा प्रत्येक तास ग्राहकाला विकला जात होता, म्हणजे तुम्ही मिळकतीच्या बाजूला होता. उद्यापासून तुम्ही खर्चाच्या बाजूला जाणार आहात. त्या बाजूला राहून माणसाची आणि टीमची किंमत ठरते ती ‘हा भाग या लोकांशिवाय पुढे जाणार नाही’ एवढ्याच गोष्टीवर.

२००९ सालचा एक प्रसंग सांगतो. आम्ही पुण्यात ९ जण डेटा बॅकअपच्या उत्पादनातला एक भाग चार महिने बांधत होतो. एका गुरुवारी रात्री साडेनऊच्या कॉलमध्ये पलीकडून सहज वाक्य आले, की हा भाग पुढच्या आवृत्तीतून वगळला आहे, तेव्हा चाचणीचे वेळापत्रक त्याप्रमाणे बदलून घ्यावे. आमच्या खोलीत कोणी काही बोलले नाही. नंतर कळले ते असे, की मंगळवारी दुपारी जेवणानंतर तिकडच्या तिघांनी फळ्यासमोर उभे राहून हा निर्णय घेतला होता. कोणी काही लपवले नव्हते. पुण्यातल्या ९ माणसांना हे अजून कळलेले नाही, एवढेच त्यांच्या ध्यानात राहिले नव्हते. त्या रात्रीचा राग मला आजही आठवतो. पण त्याहून जास्त आठवतो तो दुसरा दिवस. मी आमचे चार महिन्यांचे साप्ताहिक अहवाल काढून ओळीने वाचले. ‘६० टक्के पूर्ण’, ‘७५ टक्के पूर्ण’, ‘वेळापत्रकानुसार’. हा भाग कशासाठी हवा आहे, तो नसेल तर कोणत्या ग्राहकाचे काय अडेल, हे एकाही अहवालात लिहिलेले नव्हते. फळ्यासमोर उभ्या असलेल्या त्या तिघांपुढे आमच्या बाजूचे काही नव्हतेच.

त्या दिवसापासून मी माझ्या टीममध्ये एक पद्धत पाडली आणि कंपन्या बदलल्या तरी ती सोडली नाही. कोणत्याही कामाला हात घालण्याआधी दोन-तीन पानांचे डिझाइन डॉक्युमेंट लिहायचे: अडचण काय आहे, कोणाची आहे, कोणते तीन मार्ग होते, त्यातला हाच का निवडला आणि तो चुकीचा ठरला तर ते कशावरून कळेल. ते मुख्यालयातल्या लोकांना आधी वाचायला द्यायचे आणि त्यांचे आक्षेप लेखी मागायचे. सुरुवातीला टीममधली मुले कुरकुरली, कारण कोड लिहिणे म्हणजे काम आणि हे म्हणजे वेळ घालवणे अशी आपल्याकडे समजूत असते. वर्षभरात चित्र पालटले. तिकडच्या बैठकीत आमच्यापैकी कोणी हजर नसले तरी आमचे डॉक्युमेंट पडद्यावर उघडलेले असे, आणि कोणी तरी म्हणे, ‘थांबा, पुण्याच्या लोकांनी याचा विचार केलेला आहे.’

सगळी केंद्रे सारखी नसतात, हेही इथेच सांगितले पाहिजे. परदेशी कंपन्यांचा आणि आपला संबंध जुना आणि चढउतारांचा आहे. परदेशी मालकीचा हिस्सा कमी करण्याची अट मान्य नसल्याने आयबीएमने १९७८ मध्ये भारतातला कारभार आवरला. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बेंगळुरूमध्ये डिझाइन केंद्र उघडले आणि तिथले काम अमेरिकेत पोहोचावे म्हणून स्वतंत्र उपग्रह दुवा उभारला. नॅसकॉम या सॉफ्टवेअर उद्योगाच्या संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रे होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते. पुण्यातच पाहा: कुठे बँकेच्या व्यवहारांची प्रणाली सांभाळली जाते, कुठे गाडीच्या ब्रेकमधले सॉफ्टवेअर लिहिले जाते, कुठे ग्राफिक्स चिपचे काम चालते. यांतली काही केंद्रे म्हणजे निव्वळ जादा हात. तिकडे ठरते आणि इकडे होते. काहींकडे उत्पादनाचा एक भाग पूर्णपणे सोपवलेला असतो. थोडी अशी, की जिथे अख्खे उत्पादन इथलेच आणि त्यात काय असावे हे ठरवणारा प्रॉडक्ट मॅनेजरही इथेच बसतो. इमारत एकच, बस एकच, कॅन्टीन एकच, पण या तिन्हींत काम करणाऱ्यांची दहा वर्षांनंतरची तयारी अगदी वेगवेगळी असते. पहिल्या प्रकारच्या केंद्रात उत्तम पगार घेऊन आठ वर्षे काढलेले आणि नंतर मुलाखतीत ‘हे तुम्ही असेच का केले’ या प्रश्नावर अडखळलेले उमेदवार मी पाहिले आहेत. ते हुशार होते. त्यांना ‘का’ विचारण्याची वेळ कोणी येऊच दिली नव्हती.

आता वेळेविषयी. कॅलिफोर्नियातले सकाळचे ८ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. त्यांची घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात; आपली हलत नाहीत. त्यामुळे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास घरातल्या रात्रीच्या जेवणाची वेळ कॉलमुळे तासाने सरकते. जर्मनीशी काम असेल तर हा त्रास जवळजवळ नाही: त्यांचे सकाळचे ९ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा किंवा दीड. मात्र त्यांची घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणून तिन्ही ठिकाणची माणसे एकाच कॉलवर असतील तर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा कोणी ना कोणी तासभर आधी किंवा उशिरा येते.

रात्रीचा कॉल स्वतः तितका वाईट नसतो. एक तास बोलून माणूस मोकळा होतो. खरा ताण येतो तो कॉल नसलेल्या रात्रींचा, कारण तिकडचा दिवस सुरू झालेला असतो, फोनवर संदेश येत असतात, आणि आता उत्तर दिले नाही तर उद्याचा अख्खा दिवस वाया जाईल असे वाटत राहते. माझी मुलगी चार वर्षांची असताना झोपताना गोष्ट ऐकायची, आणि गोष्ट सांगताना माझे लक्ष उशीजवळच्या फोनकडे असायचे. तिने एकदा तो फोन उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. मी त्यानंतर टीमशी आणि तिकडच्या मॅनेजरशी बसून ठरवून घेतले: आठवड्यातून दोनच रात्री कॉल, मंगळवार आणि गुरुवार, त्यातला एक आठवड्याआड त्यांच्या गैरसोयीच्या वेळी, म्हणजे आपल्या सकाळी ८ वाजता आणि त्यांच्या संध्याकाळी, बाकी सगळे लिहून. उत्पादन बंद पडले तर फोन करावा, त्यासाठी ऑन-कॉलची पाळी असते. हे मागितल्यावर तिकडून विरोध झाला नाही. त्यांना आपल्या रात्रीची कल्पना नसते, कारण आपण कधी सांगत नाही. सेवा कंपनीत ‘ग्राहक म्हणेल ती वेळ’ ही सवय अंगात मुरलेली असते. ती सोडायला मलाही वेळ लागला.

सणांचेही तसेच. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असते आणि तेव्हा नवी आवृत्ती बाहेर काढायची नाही, हे प्रत्येकाला पाठ असते. गणेश चतुर्थी मात्र दरवर्षी वेगळ्या तारखेला येते आणि ती मुख्यालयातल्या कोणाच्याच कॅलेंडरवर नसते. एका वर्षी आमच्या आवृत्तीची तारीख नेमकी त्या दिवशी पडली आणि ६ जणांनी प्रतिष्ठापना उरकून दुपारी लॅपटॉप उघडले. चूक मुख्यालयाची नव्हती. आता मी जानेवारीतच चतुर्थी, दसरा आणि दिवाळीच्या तारखा सामायिक कॅलेंडरवर टाकतो, आणि शेजारी एका ओळीत लिहितो की या दिवशी इथले बहुतेक लोक गावी असतात. त्यानंतर तशी तारीख पुन्हा पडलेली नाही.

इंग्रजीविषयी तुम्ही फार संकोचाने लिहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. मीही मराठी माध्यमाचाच आहे. उच्चार ही अडचण नाही. पलीकडे चिनी, रशियन, ब्राझिलियन, सगळ्या प्रकारचे उच्चार असतात आणि सगळ्यांना सवय असते. अडचण वेगळीच असते. जर्मन कंपनीत माझ्या टीममधला एक अत्यंत गुणी मुलगा कॉलवर तिकडचा प्रमुख बोलत असताना दर वाक्याला ‘येस, येस’ म्हणत असे. आपण फोनवर ‘हो, हो’ म्हणतो ते ‘ऐकतोय, पुढे बोला’ या अर्थाने. त्या गृहस्थाने प्रत्येक ‘येस’ची नोंद कबुली म्हणून केली आणि कॉल संपल्यावर त्याची यादी पाठवली: शुक्रवारपर्यंत इतक्या ७ गोष्टी होतील. त्यातल्या तीन होण्यासारख्या होत्या. शुक्रवारी त्याने विचारणा केली ती रागाने नव्हती, त्याला खरोखर कोडे पडले होते: होणार नव्हते तर हा हो का म्हणाला? मी त्या मुलाला एवढेच सुचवले, की ऐकत असताना गप्प राहायचे आणि शेवटी स्वतःहून सांगायचे की या तीन होतील, या चार होणार नाहीत, आणि त्यातली एखादी फारच निकडीची असेल तर तिच्या बदल्यात कोणती मागे ठेवू ते सांगा. पहिल्या वेळी त्याचा आवाज कापत होता. पलीकडून ‘उत्तम’ एवढे उत्तर आले आणि विषय संपला. वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणू नये हा आपल्या घरचा संस्कार आहे आणि तो घरी चांगलाच आहे; पण इथे वेळेवर न आलेला ‘नाही’ दुसऱ्याच्या आठवड्याचे नुकसान करतो.

लेखनाचेही एक उदाहरण देतो. पूर्वी माझ्याकडून जाणारा निरोप असा असे: ‘काम चालू आहे, थोड्या अडचणी आहेत, लवकरात लवकर पूर्ण करतो.’ आता तोच निरोप असा जातो: ‘बुधवारची चाचणी फसली. कारण दोनपैकी एक असावे, मेमरी अपुरी पडणे किंवा जुनी सेटिंग्ज. पहिले कारण आम्ही तपासत आहोत आणि तुमच्या गुरुवार सकाळपर्यंत निकाल कळवू. दुसऱ्यासाठी तुमच्याकडच्या सर्व्हरचे लॉग हवेत. ते आज मिळाले तर एक दिवस वाचेल.’ यातले इंग्रजी सहावीच्या मुलाला जमेल इतके सोपे आहे. फरक आहे तो एवढाच, की वाचणाऱ्याला उलट प्रश्न विचारावा लागत नाही. इथे उलट प्रश्नाची किंमत चोवीस तास असते: तो रात्री विचारतो, तुम्ही सकाळी उत्तर देता, तो पुन्हा रात्री वाचतो. जो माणूस ही फेरी वाचवतो त्याच्यावर तिकडचे लोक दोन-तीन महिन्यांत विसंबू लागतात, मग तो कॉलवर कितीही कमी बोलो. एक बारीकसा बदलही करावा लागेल: ‘सर’ म्हणणे सोडून नावाने हाक मारावी लागेल, अगदी उपाध्यक्षालाही. आठवडाभर जड जाते, मग सवय होते.

आता शेअर्स. नेमणूकपत्रात आरएसयूची, म्हणजे नोकरीत टिकलात तर टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या शेअर्सची, रक्कम डॉलरमध्ये चार वर्षांची मिळून लिहिलेली असते आणि एचआर ती वर्षाच्या मोबदल्यात मिळवून दाखवते. ती रक्कम पगार समजून घराचा हप्ता ठरवू नका. ठरलेल्या दिवसाच्या भावाने तिचे शेअर्स होतात आणि पुढे भाव पडला तर तुमची रक्कमही पडते. बहुतेक कंपन्यांत पहिला हिस्सा वर्ष पूर्ण झाल्यावर आणि उरलेले दर तिमाहीला मोकळे होतात. त्याआधी नोकरी सुटली तर उरलेल्यावर पाणी सोडावे लागते. मोकळे झाले त्या दिवशीचा बाजारभाव तुमच्या पगारात धरला जातो आणि त्यावर कर कापला जातो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह ३१.२ टक्के, म्हणजे १०० शेअर्समधले साधारण ६८ तुमच्या खात्यात येतात. नंतर विकताना वाढीवर वेगळा कर लागतो: २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवले असतील तर १२.५ टक्के, त्याआधी विकले तर तुमच्या टप्प्याप्रमाणे.

इथे अनेक जण नकळत एक मोठी चूक करतात. परदेशी खात्यात एक जरी शेअर असला तरी आयकर विवरणपत्रात शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तो दाखवावा लागतो, आणि तिथले वर्ष एप्रिल ते मार्च नसून जानेवारी ते डिसेंबर असते. वर्षभरात विकून टाकले तरी दाखवायचे. आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा नमुना चालत नाही. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली न दाखविण्याचा दंड १० लाख रुपयांचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून एकूण परदेशी मालमत्ता २० लाखांपर्यंत असेल तर त्या दंडातून सूट आहे, पण दाखविण्याची जबाबदारी सुटलेली नाही. आणखी एक गोष्ट घरच्यांना आजच सांगून ठेवा: अमेरिकी कंपनीचे शेअर्स ज्याच्या नावावर आहेत आणि जो अमेरिकेचा नागरिक वा रहिवासी नाही अशा माणसाचे निधन झाले, तर ६०,००० डॉलरच्या वरच्या अमेरिकी मालमत्तेवर तिथला वारसा कर लागू होतो, आणि तो ४० टक्क्यांपर्यंत जातो. भारत आणि अमेरिका यांच्यात या कराविषयी करार नाही. म्हणून मी मोकळे झालेले शेअर्स साठवत नाही. दरवर्षी ठरावीक महिन्यात विकून पैसे इकडे आणतो. कंपनी चांगली आहे म्हणून विकू नका असे मित्र सांगतात, पण पगारही त्याच कंपनीचा आणि बचतही तिच्यातच, हे मला पटत नाही.

कपातीविषयी खरे तेच सांगतो: ती होते, आणि चांगले काम केले म्हणून टळतेच असे नाही. त्यांची मंगळवार सकाळ म्हणजे आपली मंगळवार रात्र. अशाच एका रात्री मुख्यालयातून पत्र आले, की उत्पादनांची एक संपूर्ण शाखा बंद होत आहे, आणि माझ्या ११ जणांच्या टीममधले चौघे त्या शाखेचे होते. मला दोन तास आधी कळवले होते, कोणाला सांगू नका या अटीवर. बुधवारी सकाळी त्या चौघांशी एकेक करून बोललो. त्यातल्या एकाने आदल्या आठवड्यात वाकडला फ्लॅटचे टोकन दिले होते. त्याच्या कामात मला वर्षभरात बोट ठेवायला जागा सापडली नव्हती, आणि हे मी त्याला सांगितले. त्याचा त्या क्षणी काही उपयोग नव्हता.

आपल्याकडे अशा वेळी बहुधा ‘राजीनामा द्या’ असे सांगून कागद पुढे केला जातो. तुमच्यावर ही वेळ आलीच तर त्याच बैठकीत सही करू नका. एक-दोन दिवस मागा. तो वेळ मिळतो. नोटीस पीरियडचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, पाच वर्षे पूर्ण असतील तर ग्रॅच्युइटी, आरोग्य विमा कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील, आणि जवळच आलेला शेअर्सचा हिस्सा मोकळा होईपर्यंत शेवटची तारीख पुढे नेता येईल का, या सगळ्याची उत्तरे लेखी घ्या. शेवटच्या मुद्द्यावर माझ्या माहितीत दोघांना होकार मिळाला आहे, आणि तो केवळ विचारले म्हणून. आणि कंपनीने दिलेल्या विम्याच्या भरवशावर न राहता आईवडिलांसह स्वतःचा वेगळा विमा पहिल्या महिन्यातच काढा.

मालकही बदलतो. पुण्यात नव्वदच्या दशकापासून व्हेरिटास या डेटा बॅकअपचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचे मोठे काम होते. ती कंपनी २००५ मध्ये सिमँटेकमध्ये विलीन झाली, २०१६ मध्ये पुन्हा वेगळी होऊन कार्लाइल या गुंतवणूकदार समूहाकडे गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिचा डेटा संरक्षणाचा व्यवसाय कोहेसिटीत मिसळला. एखादा माणूस तेच उत्पादन सांभाळत राहिला असेल, तर गळ्यातल्या ओळखपत्रावरचे नाव इतक्या वेळा बदलले. ज्यांना आपले उत्पादन आतून ठाऊक असते ते अशा बदलांतूनही सहसा टिकतात, कारण नव्या मालकाने विकत घेतलेली वस्तू तीच असते.

अमेरिकेला जायला मिळेल या आशेने ही नोकरी धरत असाल तर ती आशा बेताची ठेवा. अंतर्गत बदलीच्या एल-१ व्हिसासाठी मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष कंपनीच्या अमेरिकेबाहेरच्या शाखेत काढलेले असावे लागते, म्हणजे पहिले वर्ष तर इथेच. शिवाय तो व्हिसा त्याच कंपनीला बांधलेला असतो, आणि भारतात जन्मलेल्यांसाठी नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या ग्रीन कार्डची रांग दशकाहून लांब आहे. एच-१बी हा तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा; अमेरिकेबाहेरच्या माणसांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरचे शुल्क लावले गेले आणि ती वाटही अरुंद झाली.

तर तुमच्या हातातल्या पत्राविषयी. मी तुमच्या जागी असतो तर ही नोकरी घेतली असती, मात्र सही करण्याआधी होणाऱ्या मॅनेजरला चार प्रश्न विचारून. मागच्या वर्षभरात पुण्याच्या टीमने स्वतः घेतलेला आणि मुख्यालयाने मान्य केलेला एक निर्णय कोणता? या उत्पादनाचा प्रॉडक्ट मॅनेजर कुठे बसतो? इथला सर्वांत अनुभवी अभियंता किती वर्षांपासून आहे, आणि त्याच्या वर जाण्याची वाट इथेच आहे का? आठवड्यातून किती रात्री? पहिल्या प्रश्नावर मॅनेजर लगेच, नावानिशी, बारकाव्यांसह बोलू लागला तर पगार थोडा कमी मिळाला तरी जा. तो ‘आमच्याकडे सगळे मिळूनच ठरवतो’ असे म्हणाला तर आणखी एकदा विचारा, आणि दुसऱ्यांदाही तसेच उत्तर आले तर दीडपट पगारातला जादाचा अर्धा भाग कशाबद्दल मिळतो आहे ते समजून घेऊन मगच ठरवा.

शेवटची विनंती. तुमच्या मॅनेजरचा वरिष्ठ अमेरिकेत असणार. त्याच्याशी अर्धा तास बोलायचे आहे असे एचआरला कळवा. नेमणूकपत्र दिल्यानंतर अशी विनंती सहसा नाकारत नाहीत. वेळ बहुधा रात्री साडेआठ किंवा साडेनऊची मिळेल. तो कॉल ऑफिसात थांबून किंवा मित्राच्या खोलीवर जाऊन घेऊ नका. घरी घ्या, घरचे जेवायला बसलेले असताना, शेजारच्या खोलीत दार लावून. कॉल संपवून बाहेर याल तेव्हा त्या माणसाविषयी तुम्हाला काय वाटले ते कळलेले असेल, आणि ताट झाकून तुमची वाट पाहत बसलेल्यांना काय वाटले तेही विचारता येईल.